समासातली मुलगी

१

सोमवारी सकाळी साडेदहाला टिपणीबाईंनी कपाट उघडलं, खाकी कागदात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं आणि दोरा सोडला. कागद तोच, दोराही तोच, आत पुस्तक मात्र भलतंच. आणि भलतं म्हणजे कुठलं, तर मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच नापास केलेली एक रटाळ कादंबरी. चोराने थट्टा केली होती की हाताला लागेल ते कोंबलं होतं, कोण जाणे.

टिपणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं शाळेत भाषा शिकवून झाल्यावर त्या ह्या सिनेमा कंपनीत आल्या आणि तेव्हापासून त्यांना एकच काम. पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर दोन पानी टिपण लिहायचं, की बुवा ह्यावर सिनेमा व्हावा की होऊ नये. आजवर अकराशे पुस्तकं वाचली होती. त्यातल्या नवांनाच त्यांनी 'जरूर व्हावा' असा शेरा दिला होता, आणि त्या नवांतल्या एकावरही सिनेमा निघाला नव्हता. मालक टिपण वाचायचे, वा वा म्हणायचे आणि मग मेहुण्याला अंघोळ करताना सुचलेल्या गोष्टीवर सिनेमा काढायचे.

दहावं पुस्तक मात्र नशीब घेऊन आलं होतं. 'खिडकीजवळची खाट' असं त्याचं नाव. लिहिणारी बाई रुग्णालयात नर्स होती. सगळे तिला अजूनही सिस्टरच म्हणत. तिची अकरा वर्षांची मुलगी वर्षभर अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षाची ही गोष्ट. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या निम्म्या गोदामात भिजून गेल्या. मालकांनी माणसं लावून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कशीबशी एक प्रत मिळवली होती. दुसरी सिस्टरच्या घरी होती. ती टिपणीबाईंच्या हातात वाचायला देताना तिने सांगितलं होतं, "ही माझ्या मुलीची आहे. ती आता नाही. तुम्ही नेताय, तुम्हीच आणून द्यायची. ही परत हातात पडली की मी सही करीन."

शुक्रवारी सही होती. आणि ती प्रत गेली होती.

बाहेरच्या खोलीतून मालकांचा आवाज आला, "बाई, सिस्टरचं पुस्तक काढून ठेवलंत ना?"

२

खोटं बोलणं टिपणीबाईंना जमत नसे. त्यांनी सरळ सांगून टाकलं.

मालक खुर्चीत बसले ते पुन्हा उठले. "कपाट तुमचं. पुस्तक तुम्ही आणलं. त्या बाईला शब्द तुमचा. आता मी काय करायचं? सही नाही तर सिनेमा नाही."

"चावी चौघांकडे आहे," टिपणीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे, माझ्याकडे, दिग्दर्शकांकडे आणि पटकथावाल्यांकडे. दारं-कुलपं सगळी शाबूत आहेत. बाहेरचा चोर हे पुस्तक कशाला नेईल? आणि दोरा पुन्हा बांधून कशाला ठेवील?"

"म्हणजे मी चोर?"

"तुमचं नाव मी आधीच पुसलं. पुस्तक गेलं तर सगळ्यात मोठा फटका तुम्हालाच आहे."

मालकांचं अर्धं समाधान झालं. उरलेल्या अर्ध्याने ते धुसफुसत राहिले. "शुक्रवारपर्यंत शोधा. नाही मिळालं तर टिपणं लिहायला मी दुसरं कोणी बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. पण नोकरीपेक्षा जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. त्या प्रतीत काय होतं, ते टिपणीबाईंनी पाहिलं होतं. पानापानाच्या कडेला, समासात, शिसपेन्सिलीने दाबून दाबून लिहिलेले शेरे होते. ज्या मुलीची गोष्ट आईने लिहिली, तिनेच नंतर ते पुस्तक वाचून आईची खोडी काढली होती. आईने लिहिलंय, मी तिला रोज गाणं म्हणून झोपवायचे. कडेला मुलीचा शेरा: 'आई गात नव्हती. रेडिओ होता.' पुढे एके ठिकाणी: 'खोटं. मी रडले नव्हते. तू रडलीस.' आणखी एके ठिकाणी: 'ह्या दिवशी तू ड्यूटीवर होतीस. मावशी होती.'

टिपणीबाईंना ते वाचून इतका आनंद झाला होता की हे तीन शेरे त्यांनी टिपणात जसेच्या तसे उतरवून दिले आणि खाली लिहिलं, 'पुस्तक चांगलं आहे, पण समासातली मुलगी त्याहून चांगली आहे.' सिस्टरशी त्यावर बोलणं मात्र टाळलं. मेलेल्या मुलीचा विषय, आपण होऊन कसा काढायचा? पुस्तकाच्या झेरॉक्स काढू काढू म्हणता तेही राहून गेलं.

त्या पटकथावाल्यांच्या खोलीत गेल्या. ही खोली म्हणजे चार भिंती आणि कागद. पटकथावाल्यांची कामाची रीत जुनी. पुस्तकाची पानं सुटी करायची, क्रमाने भिंतीवर डकवायची आणि मधे मधे पिवळ्या चिठ्ठ्या लावत जायचं: हा प्रसंग ठेवा, हा उडवा, इथे पाऊस नको. एक भिंत 'खिडकीजवळची खाट'ने भरली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

"हे पुस्तक फाडताना तुमचा हात धजतो तरी कसा?" टिपणीबाई नेहमीसारखंच म्हणाल्या.

"तुम्ही शाळेतल्या बाई, तुम्हाला पाप वाटणारच," पटकथावाले खळ लावता लावता म्हणाले. "चोरी मी नाही केली. कपाटाची चावी माझ्याकडे आहे, पण ती कुठे आहे ते मलाच माहीत नाही. वर्षभर सापडली नाही."

खोलीकडे पाहता हे पटण्यासारखं होतं.

दिग्दर्शक आपल्या खोलीत खिडकीशी उभे राहून कोणाला तरी फोनवर पटकथा ऐकवत होते. फोन ठेवून ते हसले. "मी ते पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही, बाई. मला कशाला हवं? मी मालकांची प्रत वाचली आणि तुमचं टिपण. त्या टिपणावरूनच तर मला सगळा सिनेमा सुचला. आई गोष्ट सांगते आणि मुलगी तिला पडद्यावरच टोकते. बघा, पहिला अर्धा भाग झालाय."

त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. टिपणीबाईंनी तो घरी नेला. आणि वाचता वाचता पाचव्या प्रसंगाशी थबकल्या.

३

पाचव्या प्रसंगात आई म्हणते, माझ्या हातून मुलीने औषधाचा एक थेंब कधी चुकवला नाही. मुलीचा आवाज म्हणतो: 'औषध मी कुंडीत ओतायचे. झाड म्हणून मेलं.'

हे वाक्य टिपणीबाईंना ओळखीचं होतं, त्या वाचताना मोठ्याने हसल्या होत्या. पण टिपणात त्यांनी ते घेतलं नव्हतं. त्यांनी आपली स्थळप्रत काढून दोनदा पाहिली. शेरे तीनच. कुंडी नाही, झाड नाही.

मग हे वाक्य आलं कुठून? बोलाफुलाला गाठ पडते म्हणावं, तर इतकी? नाही. पटकथा लिहिणाऱ्या कोणाच्या तरी हातात ती प्रत पडली होती. पण पटकथेवर नावं दोघांची होती. बोट कोणाकडे दाखवायचं?

मंगळवारी दुपारी त्या आधी सिस्टरकडे गेल्या. चोर सापडो न सापडो, तिच्यापासून लपवून ठेवणं त्यांच्याच्याने होईना.

सिस्टरच्या दोन खोल्या वॉर्डासारख्या स्वच्छ होत्या. चादरीला सुरकुती नाही, टेबलावर कण नाही. टिपणीबाईंनी पाण्याचा पेला हातात धरूनच सगळं सांगितलं.  सिस्टरने चष्मा काढून पुसला.

"कोरी होती हो ती," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी छापून आली तशी पहिली प्रत मी तिच्या हातात दिली. चौदा वर्षांची होती. म्हणाली, मी नाही वाचणार, तू माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहिलं असशील. आणि कपाटात फेकून दिली. पुढे पाच वर्षं होती ती माझ्यापाशी. पण पुस्तकाबद्दल अक्षर बोलली नाही. तिने ते उघडलंच नाही."

टिपणीबाईंनी पेला टेबलावर ठेवला.

"मग मीही कधी उघडलं नाही. उघडून काय बघायचं? पण तिच्या हातात दिलेली वस्तू, म्हणून ठेवली होती." सिस्टरने चष्मा घातला. "तुमचे ते दिग्दर्शक आले होते ना मागे चहाला, त्यांनीही हेच विचारलं. मुलीने वाचलं होतं का म्हणून. त्यांनाही मी हेच सांगितलं."

टिपणीबाई पायऱ्या उतरल्या. ह्या बाईला काहीच माहीत नव्हतं. काय हरवलंय, हेच तिला माहीत नव्हतं. आणि ते जगासमोर पहिल्यांदा उघडं कोणी केलं? मोठ्या हौसेने टिपणात उतरवून कोणी दिलं? दुसऱ्याकडे बोट दाखवायला निघालेल्या टिपणीबाईंना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या बस थांब्यावर बसून राहिल्या आणि दोन बसगाड्या त्यांच्यासमोरून निघून गेल्या.

४

बुधवारी पटकथावाले दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. टिपणीबाई त्यांच्या खोलीत एकट्याच भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना कुंडीचा प्रसंग मूळ पुस्तकात कसा होता ते पाहायचं होतं.

पान पंच्याऐंशी. मुलगी खाटेवर, आई चमच्यात औषध ओततेय. पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट राहिलं आणि टिपणीबाईंचा हात आपोआप पुढे झाला, पान उलटायला. आयुष्यभराची सवय. भिंतीवरचं पान उलटतं होय? त्या स्वतःशीच हसल्या. पण खळ कच्ची होती. पानाचा खालचा कोपरा सुटून हातात आला आणि मागची छपाई दिसली. मागे शहाऐंशी होतं. असणारच. पुस्तकाच्या एका पानाला दोन बाजू असतात.

त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी भिंतीवर शहाऐंशी डकवलेलं होतं.

टिपणीबाई दोन पावलं मागे सरल्या. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. एकही पान गाळलेलं नाही. भिंतीला चिकटवल्यावर पानाची एकच बाजू दिसते. मग सगळी पानं दिसायची तर पुस्तकं दोन लागतात. एकाची विषम पानं दर्शनी, दुसऱ्याची सम.

दोन. आणि मालकांनी मिळवली होती एक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस त्या ज्या पुस्तकासाठी वणवण करत होत्या, ते भर दिवसा ह्या भिंतीवर चिकटलेलं होतं आणि त्या रोज त्याच्यासमोर उभ्या राहून चहा पीत होत्या.

त्यांनी पर्समधून पट्टी काढली. शाळेची सवय, पट्टी असायचीच. विषम पानांचा समास दोन बोटं रुंद होता. सम पानांना बाहेरच्या बाजूला समास नव्हताच. अक्षरांना अगदी लागून कापलेलं. आणि शहाऐंशीच्या कापलेल्या कडेवर शिसपेन्सिलीची एक करडी शेपटी राहून गेली होती. दाबून लिहिणाऱ्या हाताची.

दार वाजलं. एका गालावर हात धरून पटकथावाले उभे होते.

५

"दुसरी प्रत कुठून आली?" टिपणीबाईंनी विचारलं.

पटकथावाल्यांनी आधी कानावर हात ठेवले. मग भिंतीकडे पाहिलं, मग टिपणीबाईंच्या हातातल्या पट्टीकडे. "मला दोन प्रती लागतात हे दिग्दर्शकांना माहीत आहे," ते सुजलेल्या तोंडाने म्हणाले. "दोन मिळेपर्यंत मी कामाला हात लावत नाही. दिग्दर्शकांनी आणून दिली. सुटी पानंच दिली. म्हणाले, रद्दीवाल्याकडे मिळाली, कडा वाळवीने खाल्ल्या होत्या म्हणून कापून टाकल्या."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"विचारलं असतं तर काम थांबलं असतं, बाई." ते खाली बसले. "तुमचं पुस्तक गेलं म्हणालात, तेव्हा शंका आली. पण मी गप्प बसलो. हे खरं आहे."

"मुलीचे संवाद कोणी लिहिले?"

"त्यांनीच. चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचे, मी बसवायचो. चांगले होते. मला हेवा वाटला, कारण मला नसतं सुचलं."

टिपणीबाईंनी मालकांना बोलावून घेतलं आणि दोघं मिळून दिग्दर्शकांच्या खोलीत गेली. टिपणीबाईंनी आवाज चढवला नाही. वर्गात कॉपी पकडल्यावर बोलायच्या तशा त्या बोलल्या.

"तुम्ही म्हणालात, पुस्तक उघडलंच नाही, सगळं टिपणावरून सुचलं. टिपणात शेरे तीन. तुमच्या पटकथेत चौथा आहे, कुंडीचा. तो समासातच होता. पटकथावाल्यांनी चोरी केली असती तर चोरीचा माल त्यांनी भिंतीवर, सगळ्यांच्या नाकासमोर लावला नसता. त्यांना सुटी पानं तुम्ही दिलीत. समास आधीच कापून. आणि सिस्टरकडे जाऊन तुम्ही खात्री करून घेतलीत की तिला ह्यातलं काही माहीत नाही."

दिग्दर्शकांनी मालकांकडे पाहिलं. मालक त्यांच्याकडे पाहत नव्हते.

"त्या पुस्तकात आहे काय?" दिग्दर्शक म्हणाले. "एक आई, एक आजारी मुलगी, रडारड. असले सिनेमे पन्नास झाले. ती समासातली पोरगी म्हणजे सिनेमा आहे, बाई. हे तुम्हीच लिहिलंत. प्रत परत गेली असती, त्या बाईने उघडली असती आणि उद्या सगळे म्हणाले असते, ह्याचं स्वतःचं काय आहे? वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टींवर काम करतोय. एकदा तरी माझं म्हणून काही हवं होतं."

"ते तुमचं नव्हतं."

"तुमचं तरी होतं का? तुम्ही विचारलं होतंत तिला?"

हा घाव बरोबर जागी बसला. 

"नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या. "ते मी तिच्यासमोर कबूल करीन. आता कापलेल्या पट्ट्या द्या."

"त्या मी जाळल्या."

"नाही जाळल्या. पटकथा अर्धीच झाली आहे. उरलेल्या अर्ध्या भागात मुलगी काय बोलणार, हे तुम्हाला त्या पट्ट्यांशिवाय येत नाही."

 दिग्दर्शकांनी आपली कातडी बॅग पुढे ओढली, आतून एक जाड पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

६

गुरुवारचा अख्खा दिवस टिपणीबाई आणि पटकथावाले भिंतीवरची सम पानं ओल्या फडक्याने सोडवत बसले. शहाण्णव पानं निघाली. काही फाटली, काहींची शाई उतरली. पट्ट्यांच्या मागे दिग्दर्शकांनी नीटनेटके पानांचे आकडे घातलेले होते, एवढं मात्र त्यांनी उपकाराचं काम केलं होतं. मालकांनी त्यांना सिनेमावरून काढलं की नाही, हे टिपणीबाईंनी विचारलं नाही. त्यांना आता सिनेमाचीही धास्ती उरली नव्हती. धास्ती होती ती पाकिटाची. ह्या बाईने म्हातारपणी स्वतःच्या मुलीच्या अक्षरात 'खोटं' असं पन्नास वेळा वाचायचं? न दिलं तर? पानं तेवढी द्यावी, पट्ट्या हरवल्या म्हणावं? हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो बराच वेळ रेंगाळला.

शुक्रवारी सकाळी त्या एकट्याच गेल्या. पानांचा गठ्ठा आणि पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चोरी, भिंत, टिपण, आपण न विचारता केलेली आगळीक. "माझी चूक आधीची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी चालेल."

सिस्टरने त्यांना बाहेर काढलं नाही. तिने पाकीट उघडलं, पहिली पट्टी काढली आणि उजेडाकडे धरली. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिचा हात तोंडाशी गेला.

पट्टीसोबत पान लावायची गरजच पडली नाही. आपलं लिहिलेलं तिला पाठ होतं. "हे कशावर आहे मला कळलं," ती म्हणायची आणि पट्टी उपडी घालायची. रेडिओच्या पट्टीशी म्हणाली, "रेडिओच होता. मला गाता कुठे येतं?" कुंडीच्या पट्टीशी हसली आणि हसता हसता चष्मा काढावा लागला. ड्यूटीच्या पट्टीशी मात्र थांबली. "तीन दिवस लागोपाठ होती ड्यूटी. मी पुस्तकात तिच्या उशाशी बसले. बसायला हवं होतं म्हणून बसले." टिपणीबाई खाली पाहत राहिल्या.

दुपार झाली. सिस्टरने मधे उठून चहा केला, दोघींनी प्यायला, आणि ती पुन्हा बसली.

"सिनेमाचं काय म्हणताय?" तिने न बघताच विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही होणार."

"होऊ दे. पण जिथे मी लिहिलंय आणि तिने खोडलंय, तिथे तिचं ठेवा. आणि खाली नाव तिचं घाला. त्या माणसाचं नको, माझंही नको."

पाकिटात शेवटची पट्टी उरली. एकशे ब्याण्णवावं पान. पुस्तकाच्या शेवटी मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत जाते, आणि आई तिला पकडायला पुढे होत नाही, भीती वाटत असूनही होत नाही. त्यावरचा शेरा टिपणीबाईंना आठवत होता, पण त्यांनी तो टिपणात घेतला नव्हता. तेवढी एक गोष्ट त्यांच्या हातून बरी झाली होती.

सिस्टरने पट्टी वाचली. 'हे बरोबर आहे' एवढंच लिहिलेलं होतं.

तिने ती पट्टी बाकीच्यांवर ठेवली नाही, हातातच धरून ठेवली. बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता, पण गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

"शेवटपर्यंत वाचलं की हो तिने," ती म्हणाली. "आणि मी अकरा वर्षं तिच्यावर रागावून बसले होते."